आग्र्याचे याक : १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची वाटचाल

१ डिसेंबर १९४५ रोजी वायव्य सरहद्द प्रांतातल्या कोहाट येथे रॉयल इंडियन एअर फोर्सच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची स्थापना झाली. दुसरे महायुद्ध संपून तीन महिने उलटले होते. फौजा घरी परतत होत्या, तुकड्या मोडल्या जात होत्या, आणि अशा वेळी नवी तुकडी उभी राहत होती. तिला मिळाली ती स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने. भारतातील सैनिकी हवाई वाहतुकीचा पहिला अध्याय जिच्या नावावर आहे, त्या स्क्वाड्रनचा जन्म लढाऊ तुकडी म्हणून झाला, हे सहसा कुणी सांगत नाही.

महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या नऊ स्क्वाड्रन होत्या. हरिकेन, व्हेन्जन्स, स्पिटफायर ही विमाने भारतीय वैमानिकांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उत्तम चालवली, पण वाहतुकीची एकही तुकडी दलाकडे नव्हती. आणि त्याच आघाडीवर वाहतूक विमानांनी युद्धाचे पारडे फिरवले होते. मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळची वाट तोडली तेव्हा अराकानातली ५ वी भारतीय डिव्हिजन विमानांनी उचलून थेट इंफाळ आणि दिमापूरकडे आणली गेली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला तीन महिने धान्य, दारूगोळा, औषधे सारे वरून मिळाले. रेशमी पॅराशूट कमी पडली तेव्हा जनरल स्लिम यांच्या चौदाव्या आर्मीने कलकत्त्याच्या तागाची पॅराशूट शिवून घेतली. खाली उभ्या असलेल्या भारतीय जवानांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिले होते. स्वतःचे हवाई दल उभे करायचे तर वाहतुकीचा पंख हवाच, हा धडा त्यांतूनच मिळाला.

त्यानुसार १९४६ मध्ये १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडून स्पिटफायर काढून घेण्यात आली आणि तिच्याकडे डकोटा विमाने आली. बदल नुसता यंत्राचा नव्हता. स्पिटफायरमध्ये वैमानिक एकटा असतो. डकोटात दोन वैमानिक, दिशा सांगणारा नॅव्हिगेटर, बिनतारी संदेश सांभाळणारा सिग्नलर, आणि मागे मालाबरोबर माल ढकलणारे हात अशी मंडळी असते. लढाऊ विमानाची सवय लागलेल्या तरुणांना हे सामुदायिक, संथ आणि टाळ्यांविना चालणारे काम सुरुवातीला रुचले नसणार. परंतु ते काम शिकून घ्यायला त्यांच्या हाती वर्षभराहून फार अधिक वेळ नव्हता.

डकोटा म्हणजे डग्लस कंपनीचे सी-४७. प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिने, साधारण अडीच-तीन टन माल, शेपटीकडे टेकलेला आणि नाकाकडे उचललेला सांगाडा. आत हवेचा दाब राखण्याची सोय नाही. दहा हजार फुटांवर गेल्यावर माणसाला धाप लागते, त्याच्या दुपटीवर बोटे बधिर होतात. मात्र धावपट्टीच्या बाबतीत हे विमान अजिबात चोखंदळ नव्हते. माती, गवत, वाळू, मुरूम, काहीही चालत असे. पुढच्या सगळ्या कथेचे मर्म या एका गुणात आहे.

ऑगस्ट १९४७ मध्ये देशाबरोबर हवाई दलाचीही वाटणी झाली. अविभाजित दलाकडे वाहतुकीच्या दोन स्क्वाड्रन होत्या. ६ क्रमांकाची पाकिस्तानकडे गेली, १२ क्रमांकाची भारताकडे राहिली. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या दिवशी देशाकडे सैनिकी वाहतुकीची ही एकच स्क्वाड्रन होती, आणि तीही पुरती नव्हती. काही सहकारी सीमेपलीकडे गेले, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, सुटे भाग आणि अवजारे यांची वाटणी कागदावर झाली तरी हाती लवकर आली नाही. महायुद्धात अमेरिकी हवाई दलाने विमानदुरुस्तीसाठी वापरलेला आग्र्याचा तळ हे स्क्वाड्रनचे घर ठरले. त्या घरात स्थिरस्थावर होण्याआधीच पंजाबातून निर्वासितांचे तांडे निघाले. रस्त्याने मैलोन्‌मैल पसरलेल्या त्या तांड्यांवर हवाई दलाच्या डकोटांनी अन्नाची पाकिटे टाकली, अडकलेल्यांना उचलून आणले. युद्ध अजून लागायचे होते, तोवर यंत्रे आणि माणसे दोन्ही दमून गेली होती.

२२ ऑक्टोबर १९४७ रोजी टोळीवाल्यांनी मुझफ्फराबादकडून काश्मीर संस्थानात प्रवेश केला. २५ तारखेला संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन श्रीनगरला गेले. त्यांच्याबरोबर लष्करातर्फे सॅम माणेकशॉ आणि हवाई दलातर्फे विंग कमांडर दिवाण होते. श्रीनगरच्या धावपट्टीवर विमाने उतरू शकतील का, हे दिवाण यांनी पाहायचे होते. २६ तारखेला महाराजा हरिसिंग यांनी सामीलनाम्यावर सही केली. त्या रात्री दिल्लीत कुणी झोपले असेल तर आश्चर्यच. जमतील तेवढी डकोटा गोळा करण्याचे काम चालू होते. हवाई दलाची अपुरी, म्हणून नागरी हवाई कंपन्यांची विमाने प्रवासी उतरवून ताब्यात घेतली गेली. आसने उपटली, मऊ बैठका बाहेर फेकल्या, आणि त्या जागी जवान, पेट्या, पोती बसवण्याची तयारी झाली.

२७ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीहून पहिली विमाने उडाली. १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर के. एल. भाटिया यांनी स्वतः पुढचे डकोटा हाती घेतले होते. त्यांच्या विमानाचा क्रमांक होता व्हीपी ९०५. आत होते पहिल्या शीख बटालियनचे जवान आणि त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. त्यांना दिलेला आदेश आज वाचला तरी काळजाचा ठोका चुकतो. श्रीनगरची धावपट्टी आपल्याकडे आहे की टोळीवाल्यांच्या हाती गेली, हे दिल्लीला निश्चित ठाऊक नव्हते. वरून घिरट्या घालून पाहावे, शंका वाटली तर उतरू नये, जम्मूला परतावे, असे सांगितले होते. धावपट्टी मोकळी होती. सकाळच्या प्रहरी विमाने उतरली.

उतरली कुठे, हे पाहण्यासारखे आहे. श्रीनगरजवळच्या बडगाम पठारावरची ती मातीची पट्टी महाराजांच्या हलक्या विमानांसाठी केलेली. दिशा दाखवणारी यंत्रणा नाही, नियंत्रण मनोरा नाही, रात्रीचे दिवे नाहीत, पेट्रोलचा साठा नाही. एक विमान उतरले की धुळीचा लोट उठे आणि मागच्याला पट्टी दिसेनाशी होई. पेट्रोल नाही म्हणजे परतीचे इंधन दिल्लीहूनच वाहून न्यायचे, आणि इंधन जितके अधिक तितका माल कमी. पुढे हार्वर्ड आणि स्पिटफायर विमाने श्रीनगरला ठेवली गेली तेव्हा त्यांच्यासाठी डकोटांच्या टाक्यांतून पेट्रोल काढून दिले जाई. पीर पंजालच्या डोंगरांवरून दिल्ली-श्रीनगर आणि परत, एवढे उड्डाण एका दिवसात पुनःपुन्हा करणारे वैमानिक होते. त्यांच्यात हवाई दलाचा गणवेश घातलेले किती आणि नागरी कंपन्यांचे किती, असा भेद त्या पंधरवड्यात कुणी केला नाही. जमिनीवर इंजिन उघडून बसलेले फिटर तर नोंदींत नावानेही येत नाहीत.

रणजित राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या वाटेवर धारातीर्थी पडले. त्यांच्या मूठभर जवानांनी मिळवलेला वेळ विमानांच्या कामी आला. ३ नोव्हेंबरला बडगाम येथे मेजर सोमनाथ शर्मा यांच्या कुमाऊँ कंपनीने धावपट्टीकडे येणारा लोंढा अडवला. शर्मा त्यात कामी आले आणि पुढे पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी ठरले. तो सगळा झगडा अखेर त्या मातीच्या पट्टीसाठी होता. पट्टी गेली असती तर डकोटा नाहीत, डकोटा नाहीत तर श्रीनगर नाही. ७ नोव्हेंबरला शालटेंगच्या लढाईने शहरावरचे संकट टळले. १७ नोव्हेंबरला दिल्लीहून सैन्य उचलण्याचा हा टप्पा संपला तोवर ७०४ फेऱ्या झाल्या होत्या. परतताना ही विमाने रिकामी येत नव्हती. जखमी आणि निर्वासित त्यांतून दिल्लीला येत होते.

श्रीनगर वाचले, तरी पूंछ वेढ्यात सापडले. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची तुकडी आणि आसपासच्या मुलखातून आश्रयाला आलेले सुमारे चाळीस हजार लोक त्या छोट्या गावात अडकले. जम्मूकडची वाट बंद, डोंगरांवर शत्रू. हिवाळा सुरू झालेला. एवढ्या माणसांना जगवायचे म्हणजे धावपट्टी हवी, आणि पूंछमध्ये धावपट्टी नव्हती. ती निर्वासितांनी बांधली. फावडी, घमेली, टोपल्या, हाताने उचललेले दगड यांवर काही दिवसांत सहाशे यार्डांच्या आसपास लांबीची पट्टी तयार झाली. तिच्या तीन अंगांना नदी-नाल्याचे पात्र होते, उतार तीव्र होता आणि उतरण्याची दिशा एकच. डिसेंबर १९४७ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे पहिले डकोटा उतरवले.

मेहर सिंग यांच्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. हवाई दलात ‘बाबा’ या नावाने ते ओळखले जात. महायुद्धात ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करताना त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली होती. तो सन्मान मिळवणारे भारतीय हवाई दलातले ते एकमेव अधिकारी. काश्मीर युद्धात जम्मूच्या ऑपरेशनल ग्रुपची जबाबदारी त्यांच्याकडे होती, म्हणजे १२ क्रमांकाची स्क्वाड्रन त्यांच्या हुकमाखाली लढत होती. त्या हुद्द्याच्या माणसाने टेबलापाशी बसून आदेश काढावेत, अशी रीत. मेहर सिंगांची पद्धत वेगळी होती. जिथे कुणी उतरले नाही तिथे आधी आपण उतरायचे, मग बाकीच्यांना बोलवायचे. स्क्वाड्रनच्या तरुण वैमानिकांवर त्याचा जो परिणाम झाला तो कुठल्याही लेखी आदेशाने झाला नसता.

पूंछचे काम वर्षभर चालले. पुस्तकात लिहिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वजन घेऊन डकोटा त्या आखूड पट्टीवर उतरत. पीठ, तांदूळ, मीठ, साखर, औषधे, दारूगोळा खाली आणि जखमी, बायका-मुले, म्हातारेकोतारे वर, असा तो व्यवहार. मार्च १९४८ मध्ये पाकिस्तानी तोफांचे गोळे थेट पट्टीवर पडू लागले. त्यांना उत्तर द्यायचे तर मोठ्या तोफा आत न्यायला हव्या होत्या. पंचवीस पौंडी तोफा सुट्या करून डकोटांत चढवल्या गेल्या. दिवसा उतरणे म्हणजे गोळ्यांच्या तोंडी जाणे, म्हणून रात्र निवडली. पट्टीच्या कडेला तेलाचे दिवे लावले गेले आणि त्यांच्या उजेडात विमाने उतरली. दोन डोंगरांच्या मध्ये, अंधारात, तीन बाजूंना पाणी असलेल्या पट्टीवर हे करणे किती बिकट होते, याची कल्पना विमान न चालवलेल्या माणसालाही येईल. नोव्हेंबर १९४८ मध्ये जमिनीवरच्या फौजा पूंछला येऊन मिळाल्या, तेव्हा वेढ्याला सुमारे एक वर्ष झाले होते.

याच काळात डकोटांनी एक उसनी भूमिकाही वठवली. हवाई दलाकडे बाँबफेकी विमाने नव्हती. मेहर सिंग यांच्या पुढाकाराने डकोटांच्या मालवाहू दारातून बाँब ढकलून देण्याचा उपाय निघाला. बाँब दाराशी आणायचा, विमान ठिकाणावर आले की लोटायचा. नेम कितपत साधत असेल हा प्रश्न रास्त आहे. पण खाली बसलेल्या शत्रूवर त्याचा धाक निश्चित बसला. स्क्वाड्रनच्या खऱ्या कामापुढे हा प्रसंग गौण असला तरी त्या दिवसांतली अडचण आणि त्यातून वाट काढण्याची वृत्ती त्यात दिसते.

सर्वांत अवघड कामगिरी लेहची. लडाखच्या राजधानीचे रक्षण करायला १९४८ च्या सुरुवातीला तिथे जवळजवळ कुणी नव्हते. भर हिवाळ्यात मेजर पृथी चंद लाहुलच्या निवडक स्वयंसेवक जवानांना घेऊन बर्फात बुडालेली झोजीला खिंड ओलांडून लेहला पोचले. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी अभियंता होते. सिंधूच्या काठच्या वाळवंटी पठारावर नोर्बूंनी स्थानिक माणसांना हाताशी धरून धावपट्टी आखली आणि एप्रिलपर्यंत ती वापरण्याजोगी केली. समुद्रसपाटीपासून साडेअकरा हजार फुटांवर, लागेल ते सगळे माणसांच्या हातांनी. लेहमधल्या मोठ्या रुग्णालयाला आज सोनम नोर्बू यांचे नाव आहे.

मे महिन्यात कारगिल पडले आणि लेहची जमिनीवरची वाट तुटली. आता विमानच जाऊ शकत होते. श्रीनगर डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल थिमय्या यांनी विचारणा केली. मेहर सिंग म्हणाले, जाऊ, पण पहिल्या विमानात आपणही यावे. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंगांनी डकोटा उडवले आणि थिमय्या त्यांच्याबरोबर बसले. त्या मार्गाने पूर्वी कुणी गेले नव्हते. डोंगरांची उंची नकाशावर होती तेवढीच खरी असेल, याची हमी नव्हती. पंखांवर साचणारा बर्फ काढण्याची सोय विमानात नव्हती. झोजीला, फोटुला या खिंडींवरून तेवीस-चोवीस हजार फुटांच्या घरात, म्हणजे डकोटाला झेपणाऱ्या उंचीच्या अगदी काठावर, ते गेले. मग सिंधूच्या खोऱ्यात उतरून नोर्बूंच्या वाळूच्या पट्टीवर टेकले. जमलेल्या लडाखी लोकांपैकी कित्येकांनी तोवर मोटारही पाहिलेली नव्हती.

वाट सापडल्यावर स्क्वाड्रनने ती सोडली नाही. काही दिवसांतच २/४ गोरखा रायफल्सचे जवान डकोटांतून लेहला पोचू लागले. उन्हाळाभर त्या फेऱ्या चालू राहिल्या. पहाटे निघायचे, ढग जमण्यापूर्वी खिंडी ओलांडायच्या, माल उतरवायचा, वारा सुटण्याआधी परतायचे, असा त्या मार्गाचा परिपाठ ठरून गेला. त्या परिपाठात आजही फारसा फरक पडलेला नाही, कारण हिमालयाचे वारे बदललेले नाहीत. १ नोव्हेंबर १९४८ रोजी रणगाडे वर चढवून झोजीला जिंकली गेली आणि लेहची वाट जमिनीवरूनही खुली झाली. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून युद्धविराम लागू झाला.

मेहर सिंग यांनी १९४८ मध्येच हवाई दल सोडले. २६ जानेवारी १९५० रोजी त्यांना महावीर चक्र देण्यात आले. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीला येताना वादळात त्यांचे विमान कोसळले आणि ते गेले. त्यांची कारकीर्द छोटी झाली. परंतु श्रीनगर, पूंछ आणि लेह या तीन ठिकाणी १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने चौदा महिन्यांत जे कमावले, त्यावर हवाई दलाची सारी वाहतूक शाखा उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत डकोटाच्या आणखी स्क्वाड्रन स्थापन झाल्या आणि थोरल्या भावंडाकडचा अनुभव त्यांना आयता मिळाला.

फाळणीनंतर चकलाला येथील पॅराशूट प्रशिक्षणाचे काम आग्र्याला आले. तेव्हापासून पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आणि १२ क्रमांकाची स्क्वाड्रन हे शेजारी आहेत. उडी शिकायची तर विमान हवे, आणि विमान स्क्वाड्रनचे. आर्मी सर्व्हिस कोरची हवाई रसद सांभाळणारी माणसे इथेच पोती बांधायला, पॅराशूट जोडायला आणि उघड्या दाराशी उभे राहून माल ढकलायला शिकली. त्यांचे काम बाहेरून सोपे वाटते. धान्य पॅराशूटशिवाय टाकायचे तर एका पोत्याला दुसरे, कधी तिसरे पोते घालावे लागते, नाहीतर आपटून दाणे विखुरतात. विमान फार उंच असेल तर माल दरीत जातो, फार खाली असेल तर वैमानिकाला डोंगर चुकवायला वेळ मिळत नाही. हे गणित जमवायला वर्षे लागली.

१९५४ मध्ये अमेरिकेकडून सी-११९ पॅकेट विमाने आली आणि स्क्वाड्रनने डकोटाचा निरोप घेतला. पॅकेटला शेपटीसाठी दोन लांब दांडे आणि त्यांच्यामध्ये मालाचा मोठा खोका. मागून वाहन सरळ आत चढवता येई, जीप आणि तोफा सुट्या करण्याची गरज उरली नाही. माल किंवा जवान हवेतून सोडायचे असले की मागची दोन्ही कवाडे आधीच काढून ठेवावी लागत. मग हिवाळ्यात उत्तरेकडच्या फेरीत मागे उभ्या असलेल्यांचे जे हाल होत ते वेगळे सांगायला नकोत. हिमालयाच्या उंचीवर दोन इंजिने कमी पडतात हे लवकरच कळून आले. त्यावर बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने पॅकेटच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवून दिले. परदेशी यंत्र आपल्या डोंगरांसाठी आपल्या माणसांनी सुधारून घेतले, ही त्या काळातली लहान गोष्ट नव्हती.

२३ जुलै १९६२ रोजी काराकोरमच्या पायथ्याशी, सुमारे १६,६०० फुटांवरच्या दौलत बेग ओल्डी येथे उतरलेले पहिले विमान म्हणजे असे जेट जोडलेले पॅकेटच. वैमानिक होते स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे. त्यावेळी जगातल्या सर्वांत उंच धावपट्टीवरचे ते उतरणे होते. तीन महिन्यांनी चीनशी युद्ध पेटले. लडाख आणि नेफा या दोन्ही आघाड्यांवर वाहतूक विमानांनी केलेली धावपळ त्या युद्धाच्या निकालात झाकली गेली. पराभवाच्या काळात रसद पोचवणाऱ्यांची आठवण कुणी काढत नाही. पण पुढच्या चौक्यांवरचा जवान जितके दिवस टिकला, त्यातले बरेच दिवस वरून पडलेल्या शिध्यावर टिकला, हे मान्य करावे लागते. १९६५ नंतर अमेरिकेने शस्त्रसामग्रीवर निर्बंध घातले आणि पॅकेटच्या सुट्या भागांची चणचण भासू लागली. विमाने चालू ठेवण्याची कसोटी मग तंत्रज्ञांची होती.

बांगलादेशाच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे दुसऱ्या पॅरा बटालियनचा गट उतरवण्यात आला. महायुद्धानंतर भारतीय सैन्याने केलेली ती सर्वांत मोठी हवाई उतराई. पॅकेट, डकोटा, कॅरिबू, एएन-१२ अशी चार जातींची विमाने तिच्यात एकत्र उडाली. उड्या मारणारे जवान आग्र्यातच घडलेले होते, त्यामुळे त्या यशात या तळाचा वाटा नि:संशय आहे.

तीस वर्षांच्या सेवेनंतर पॅकेट थकले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर स्क्वाड्रनकडे सोव्हिएत बनावटीचे एएन-३२ आले आणि ते आजतागायत आहे. उष्ण हवा आणि उंच तळ यांचा विचार करून घडवलेल्या या विमानाची इंजिने पंखांच्या वर बसवलेली आहेत, त्यामुळे धावपट्टीवरचे दगड-माती पंख्यांना लागत नाहीत. पावणेसात टनांच्या आसपास माल किंवा बेचाळीस छत्रीधारी जवान ते नेते, आणि मागचा उतरता दरवाजा हवेतही उघडतो. पॅकेटच्या कवाडांशी झुंजलेल्या पिढीला याचे मोल अधिक कळले असणार. हवाई दलाने शंभराहून अधिक एएन-३२ घेतली. ४ जून १९८७ रोजी श्रीलंकेतल्या जाफना येथे मिराज विमानांच्या पहाऱ्यात मदतीचे साहित्य टाकले गेले. ते साहित्य नेणारी पाच एएन-३२ आग्र्याहून बंगळुरूला आणि तिथून पुढे गेली होती. १९९० च्या दशकापासून एएन-३२ च्या वैमानिकांत महिलाही दिसू लागल्या.

या विमानाने दुःखेही दिली. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ एकोणतीस जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. त्याचे अवशेष २०२४ मध्ये समुद्राच्या तळाशी सापडले. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे जाणारे दुसरे एएन-३२ अरुणाचलच्या डोंगरात कोसळले, त्यात तेरा जणांचा मृत्यू झाला. ही विमाने अन्य स्क्वाड्रनची होती. पण यंत्र एकच, काम एकच, आणि वाहतूक शाखेत सगळे एकमेकांना ओळखतात. पुढच्या दिवशीची फेरी मात्र रद्द होत नाही.

मे २०१८ मध्ये हिंडन तळावर एक डकोटा दाखल झाले. इंग्लंडमध्ये दुरुस्त करून आणलेले हे विमान तेव्हाचे राज्यसभा सदस्य राजीव चंद्रशेखर यांनी हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे स्वतः डकोटाचे वैमानिक होते. विमानाला ‘परशुराम’ हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक देण्यात आला, २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे भाटियांच्या हाती असलेला क्रमांक.

१२ क्रमांकाची स्क्वाड्रन आज मध्य हवाई कमानीखाली आग्र्यातच आहे. हवाई दलात ती ‘याक’ या नावाने ओळखली जाते. ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्या जनावराचे नाव तिला शोभते, यावर दुमत नसावे. एएन-३२ चे आयुष्य वाढवण्याची कामे गेल्या पंधरा वर्षांत झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये हवाई दलाने छप्पन सी-२९५ विमानांचा करार केला, त्यांतली चाळीस बडोद्यात बांधायचे ठरले आणि पहिली बडोद्याच्याच ११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. आग्र्यात डीआरडीओची पॅराशूट तयार करणारी प्रयोगशाळाही आहे. नवी छत्री, नवे सामान सोडण्याचे साधन प्रथम याच आकाशात पारखले जाते. तळापासून जवळ असलेल्या मालपुरा मैदानावर उड्या चालू असतात. प्रशिक्षणार्थीने पाच उड्या पूर्ण केल्या, त्यांतली एक रात्रीची, की त्याला छातीवर पंख लावण्याचा अधिकार मिळतो. २०१५ च्या ऑगस्टमध्ये महेंद्रसिंग धोनीनेही तो असाच मिळवला, तेव्हा मालपुऱ्याला बघ्यांची गर्दी झाली होती. एरवी तिथे गर्दी नसते. विमान पहाटे उडते, जवान उतरतात, पॅराशूट गोळा करून पुन्हा घडी घालायला नेली जातात, आणि विमान दुसऱ्या फेरीसाठी इंधन भरून घेते.